नारळाआधीचे मासे

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला फिश टँक घ्यायचा झाला की त्याला माझ्याकडे पाठवतात. लालबागची माणसं आता हौशी झालीत. याच जागेवर चाळ होती तेव्हा दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा जण राहायचो, आणि घरात माशाची जागा एकच, परातीत. आता टॉवर झाला, तर प्रत्येकाला हॉलमध्ये काहीतरी हलतं-चमकतं हवंय. येतात, माझा पाच फुटी टँक बघतात आणि विचारतात, "काका, आम्ही कुठला घेऊ? गोड्या पाण्याचा की खाऱ्या?" मी सगळं सांगतो. फिल्टर कुठला, लाइट किती तास, दुकानदार कुठे गंडवतो. चहासुद्धा पाजतो. फक्त हा टँक आम्ही कसा निवडला ते कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं आणि मी काहीतरी तिरसट बोलतो. बायको जाऊन दोन वर्षं झाली. आता चिडून काय होणार? म्हणून लिहून टाकतो.

बायको माहीमच्या कोळीवाड्यातली. तिच्या माहेरी अजून होडी आहे, तिचा धाकटा भाऊ चालवतो. मी मालवणी, बाप गिरणीत. एकाच ऑफिसात आम्ही समोरासमोरच्या टेबलांवर बसायचो, तिथेच जमलं. लग्नात दोन्हीकडून विरोध झाला तो दोन दिवस, आणि त्यानंतर कालवणात खोबरं किती घालायचं यावर वाद झाला तो तीस वर्षं. मूलबाळ झालं नाही. चारचौघांत ती मला "अहो" म्हणायची, घरात "तू", आणि चिडली की थेट आडनावाने हाक मारायची. माझा स्वभाव तापट, तिचा थंड. मी आरडाओरडा करायचो आणि शेवटी तिला हवं तेच व्हायचं.

तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं, सगळं ठीक झालं असं वाटलं, आणि वर्षभराने दुखणं परत आलं. मे महिन्यात परळच्या इस्पितळात रिपोर्ट दाखवायला गेलो होतो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण फार चांगल्या. त्यांनी तिला बाहेर बसवलं आणि मला सांगितलं, "दोन महिने. फार तर तीन. मी त्यांना सांगू, की तुम्ही सांगाल?"

"मी सांगतो," मी म्हटलं.

बाहेर आलो. ती बाकावर फाईल मांडीवर घेऊन बसली होती, शेजारच्या बाईला कोलंबी कशी साफ करायची ते समजावत होती. मला बघून उठली. "काय म्हणाल्या?"

"औषध बदललंय," मी म्हटलं. "हे लागू पडेल म्हणाल्या."

झालं. एवढंच. असल्या गोष्टी आमच्याकडे आजाऱ्याला सांगत नाहीत. माझ्या बापालाही आम्ही सांगितलं नव्हतं, त्याच्याही आधी आजीला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं की माणूस खचतो, असं म्हणतात. खरं म्हणजे सांगणाऱ्याची फाटते. माझी फाटली.

टॅक्सीत बसल्यावर मी तिला म्हटलं, "तुला काय हवं ते सांग. काहीही. घेऊन टाकू."

ती माझ्याकडे बघून हसली. "आज एवढा उदार कशाने झालास रे? लॉटरी लागली काय?" चिंचपोकळीच्या पुलावर टॅक्सी अडकली होती. "फिश टँक घेऊ," ती म्हणाली. "मोठा. पलंगावरून दिसेल असा. टीव्ही बघून बघून डोळे आंबले माझे. आणि खिडकीतून तर काय दिसतं, दुसऱ्यांच्या खिडक्या."

दादरच्या एका गल्लीत माशांचं दुकान होतं. चार दिवसांनी तिथे गेलो. ती तेव्हा व्यवस्थित चालत होती, दम लागायचा एवढंच. दुकानदार जाणता माणूस होता, घाई नाही, गोडबोलेपणा नाही. त्याने आधी गोल्डफिश दाखवले. "आज टँक लावला की आठ दिवसांत मासे सोडता येतील," तो म्हणाला.

आठ दिवस! मी तिथेच खिशात हात घातला. "हाच घेऊ," मी म्हटलं.

"थांब रे, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," ती म्हणाली. "पुढचं तरी बघू दे."

पुढे एक लांबलचक चंदेरी मासा एकटाच फिरत होता, अरोवाना. दुकानदाराने सांगितलं, पुष्कळ लोक हा ठेवतात, घरावर येणारं संकट हा स्वतःवर घेतो आणि मरतो, अशी समजूत आहे. ती काचेजवळ वाकली. त्या माशाचा एक डोळा खाली झुकलेला होता. "ह्या बिचाऱ्याने माझं काय खाल्लंय?" ती म्हणाली. "माझं दुखणं ह्याच्या गळ्यात कशाला?" आणि पुढे गेली.

मग हिरवळीचा टँक होता. आत सगळी झाडंच, बारीक मासे, फार देखणा. तो लावायला तीन आठवडे. तो मला चालला असता. तिला नाही. तिच्या दृष्टीने गोड्या पाण्यातला मासा म्हणजे मासाच नव्हे. नदीचा मासा घरात शिजवला तर ती पानावरून उठायची. "ना चव, ना वास," असं तिचं मत, आणि ते तिने दुकानातही दिलं. दुकानदार हसला. म्हणाला, "ताई, हे खायचे नाहीत."

"ते कळलं हो. पण बघायचेसुद्धा आपल्या ओळखीच्या पाण्यातले नकोत का?"

खाऱ्या पाण्याचा टँक दुकानाच्या मागच्या खोलीत होता. निळसर उजेड, पाण्यात ओबडधोबड खडक, त्यावर काही उमललेलं, काही मिटलेलं, आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. ती तिथे स्टुलावर बसली आणि उठेचना. बऱ्याच वेळाने म्हणाली, "हा."

दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितलं, "ताई, याला सबुरी लागते. मिठाचं पाणी करायचं, खडक ठेवायचे, आणि नुसतं चालू ठेवायचं. लोणच्यासारखं पाणी मुरायला हवं. सहा आठवडे तरी. तोवर एकही मासा नाही. घाई केलीत तर मरतील."

"सहा कशाला?" ती म्हणाली. "मी नारळी पौर्णिमेलाच सोडीन. आमच्यात नारळाआधी दर्याला हात लावत नाहीत."

मी मनात दिवस मोजले. मे संपत आला होता आणि त्या वर्षी पौर्णिमा ऑगस्टच्या अगदी शेवटाला होती. तीन महिने उलटून जात होते.

मग मी दुकानात तमाशा केला. काय काय बोललो! खाऱ्या पाण्याने फर्निचर सडतं, लाइटचं बिल येतं, एवढी उस्तवार कोण करणार, रिकामी काच बघत बसायला आपण काय खुळे आहोत का. माझा आवाज चढला तशी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. ती शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "काय हवं ते माग म्हणालास ना? मग आता शब्द फिरवू नकोस." आणि दुकानदाराला म्हणाली, "पौर्णिमेपर्यंत पाणी मस्त मुरेल ना हो?"

"एकदम," तो म्हणाला.

तिने माझ्याकडे बघितलं. "जमेल ना रे पौर्णिमेपर्यंत?"

ती पाण्याबद्दल विचारत होती. मी म्हटलं, "जमेल की."

टँक आला. त्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरीने बिल्डिंगचा नकाशा काढून बघितला, कारण पाण्यासकट वजन अर्ध्या टनाच्या वर, आणि तो बीमवरच ठेवायचा म्हणून पलंगाची जागा बदलावी लागली. सुताराने स्टँड केला. तिचा भाऊ माहीमहून बघायला आला, तेव्हा मी बालदीत पुडीतलं मीठ ओतून ढवळत होतो. तो कपाळाला हात लावून उभा राहिला. "भाऊजी, दर्या आमच्या घराच्या मागं हाय, नि तुमी पुडीतलं मीठ कालवताव?" किनाऱ्याचं पाणी घाण असतं, ते चालत नाही, असं मी सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "आमी त्यातच वाढलो." बहीणभाऊ खूप हसले. मीही हसलो. तेवढं हसणं त्या घरात पुन्हा झालं नाही.

जूनभर आणि जुलैभर टँकमध्ये पाणी आणि खडक, बस्स. शेजारपाजारचे येऊन टोमणे मारायचे. "काय वहिनी, मासे कालवणात गेले वाटतं?" ती म्हणायची, "मासेमारीला बंदी चालू आहे." पलंगावर कुशीला वळून ती तासन् तास त्या पाण्याकडे बघायची. मला काही दिसायचं नाही. तिला दिसायचं. एकदा मला हाक मारून तिने बोलावलं. खडकाच्या भोकातून केसाएवढं काहीतरी बाहेर येऊन चाचपडत होतं. काचेवर तांदळाच्या कणीएवढी चांदणी चिकटली होती. "बघ, आपोआप आलं. आपण काही सोडलं नाही तरी आलं," ती म्हणाली. पाणी मुरलं का ते कळायला दर आठवड्याला काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग बघायचा, हे काम तिने स्वतःकडे घेतलं होतं. हात थरथरायचा तेव्हा नळी मी धरायचो. जुलैच्या मध्यावर रंग अगदी हवा तसा आला. मी म्हटलं, "झालं की पाणी तयार! आणू का मासे?"

"पौर्णिमेला," ती म्हणाली.

तिचं जेवण कमी होत होतं. आधी भात सुटला, मग कालवणाचा वासही नको झाला. जुलैच्या शेवटी तिला बाथरूमपर्यंत धरून न्यावं लागायचं. ती म्हणायची, "औषध कडक आहे ना, म्हणून." मी म्हणायचो, "हो ना." आता वाटतं, ती मला पुन्हा पुन्हा संधी देत होती, आणि मी दगडासारखा बसून होतो. का तसं नव्हतं? का तिचा माझ्यावर खरंच विश्वास होता? दुसरं जास्त भयंकर आहे. मला वाटतं, दुसरंच खरं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मी एकटाच रिपोर्ट घेऊन परळला गेलो. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितले आणि विचारलं, "त्यांना कल्पना दिलीय ना तुम्ही?" मी मान हलवली, हो पण नाही आणि नाही पण नाही अशी. त्या म्हणाल्या, "आता दिवसच मोजायचेत."

पौर्णिमेला अठरा दिवस होते. इस्पितळातून मी तडक दादरला गेलो. दुकानदाराला म्हटलं, ते केशरी दोन द्या. त्याने पिशवीत पाणी भरलं, मासे घातले, रबर लावलं. भर दुपारी घरी आलो तेव्हा ती झोपली होती. तिच्याजवळ बसायला येणारी शेजारीण मला बघून घरी गेली. मी पिशवी टँकमध्ये तरंगत ठेवली, दुकानदाराने सांगितलं होतं तेवढा वेळ थांबलो, मग हळूच उघडली. मासे क्षणभर तळाशी गोंधळून थांबले, आणि मग खडकाभोवती फिरू लागले. फार सुंदर दिसत होते. मला वाटलं, जिंकलो. निदान हे तरी ती बघेल. मी तिच्या उशाशी खुर्ची घेऊन ती जागी व्हायची वाट बघत बसलो.

तिने डोळे उघडले. सवयीने आधी टँककडेच बघितलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिथे आनंद येईल म्हणून मी इतका धावलो होतो, आणि तो आलाच नाही. ती बघत राहिली. मग म्हणाली, "पौर्णिमा झाली?"

"नाही अजून."

"मग?"

मी बडबडायला लागलो. पाणी कधीचंच तयार होतं, दुकानदारानेच सांगितलं, आणि बंदी तर उठलीसुद्धा, कितीतरी होड्या गेल्या.

"सरकारची उठली," ती म्हणाली. "आमच्या घरची होडी अजून वर ओढलेलीच आहे. तुला माहित्येय ते." तिचा आवाज बारीक झाला होता, पण एकेक शब्द स्वच्छ होता. "नारळाआधी माणूस होडी कधी काढतो, सांगू? माझा बाप एकदाच गेला होता. घरात दाणा उरला नव्हता तेव्हा. त्याशिवाय कोणी जात नाही."

मी पिशवीचं रबर बोटाला गुंडाळत बसलो.

"आपल्या घरात काय संपलंय?" तिने विचारलं.

मी टँककडे बघायला लागलो. तिने माझं आडनाव घेऊन हाक मारली, अगदी ऑफिसात मारायची तशी. मग मला थांबता आलं नाही. मे महिन्यातलं सगळं सांगितलं. दोन महिने, फार तर तीन. आजचंही सांगितलं. लहान पोरासारखा रडलो. तिने मला रडू दिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती बोटांवर काहीतरी मोजत होती, मे, जून, जुलै.

"म्हणून दुकानात भांडलास तू," ती म्हणाली. "मला वाटलं, पैशासाठी."

"तुला आठ दिवसांत मासे दिसावेत म्हणून," मी म्हटलं.

"अरे वेड्या, मासे कोणाला हवे होते? पुढे खूप दिवस आहेत असं तू सांगितलंस, म्हणून मी वाट बघायची गोष्ट मागितली. दिवस नाहीत हे कळलं असतं तर हा टँक मागितलाच नसता. माहेरी गेले असते." मग डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "भावाला फोन लाव. मला घेऊन जा म्हणावं."

मी हो-नाही करत राहिलो. तिथे दारापर्यंत गाडी जात नाही, इस्पितळ लांब, संडास उंबऱ्याबाहेर, तिची भावजय किती करणार. माझी जुनीच खोड, खरं सोडून सगळी कारणं. खरं हे की तिने माझ्या घरातून जाऊ नये असं मला वाटत होतं. ती थकली होती. एवढंच म्हणाली, "आता तरी माझं मला ठरवू दे रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा भाऊ आला. गाडी कोळीवाड्याच्या तोंडापर्यंतच जाते, पुढची गल्ली अरुंद, दोन्ही हातांनी दोन्ही भिंती लागतील एवढी. तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून भावाने आणि त्याच्या दोघा चुलतभावांनी उचलून नेलं. दारादारांतून बायका बाहेर आल्या. कुणी रडलं नाही, सगळ्या तिला तिच्या लहानपणच्या नावाने हाका मारत होत्या. ते नाव तीस वर्षांत मी ऐकलं नव्हतं. ती खुर्चीतून हात वर करून प्रत्येकीला उत्तर देत होती.

तिची खाट पुढच्या खोलीत घातली. समुद्र तिथून दिसत नाही, मधे घरांची एक रांग आहे. आवाज मात्र येतो. ती म्हणाली, "इथून पाण्यापर्यंत चाळीस पावलं आहेत. लहानपणी मोजलेली आहेत." भाऊ म्हणाला, संध्याकाळी भरतीला तुला नेतो. संध्याकाळी तिला खुर्चीत बसवायला उचललं तर ती इतकी कळवळली की आम्ही तिला पुन्हा खाटेवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं. उंबऱ्यापर्यंत गेलो आणि तिनेच हात हलवून नको म्हटलं. तिसऱ्या दिवशी तिने विचारलंही नाही. अकरा दिवस ती तिथे होती. माणसं येत होती, बोलत होती, भावजय चमच्याने पेज भरवत होती, आणि ती माझ्या घरात गेल्या तीन महिन्यांत दिसली नव्हती इतकी निवांत दिसत होती. तेही मला बघवत नव्हतं.

ती गेली त्याच्या दोन दिवस आधी, एका दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. भरती होती. पाणी मागच्या धक्क्यावर आपटत होतं, ते ती ऐकत होती. मला वाटलं झोपली. तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"मे महिन्यात सांगितलं असतंस तर चालत गेले असते रे," ती म्हणाली.

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी तिचा हात धरून बसलो, चाळीस पावलांवरची भरती ओसरेपर्यंत.